टेबलाची चौथी कड

३ फेब्रुवारी

भाऊजी,

सगळे खुशाल आहेत असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आहोत खुशाल.

तुमचा पत्ता लेकीकडून घेतला. तिच्या वाढदिवसाला तुम्ही दरवर्षी फोन करता हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. ती बोलली नाही, तिला लपवता येत नाही एवढंच. मीही फोन करू शकले असते. पण तुम्ही उचलला नसता, आणि उचलला असतात तर माझी दातखीळ बसली असती. कागदावर निदान खोडता येतं.

काम असं आहे. मला घरच्या कामासाठी एक लहानसा राउटर घ्यायचा आहे. लाकडाच्या कडा गोल करायचं, खाचा पाडायचं मशीन असतं तो. हे सांगावं लागतं, कारण पहिल्या दुकानात मी 'राउटर दाखवा' म्हटलं तर माणसाने इंटरनेटचा डबा पुढे ठेवला आणि घरात भिंती किती ते विचारलं.

माझं शिवणकाम चालू आहे. कापड बेतायला नवीन टेबल केलं, म्हणजे जाड फळी विकत आणून चार पायांवर बसवून घेतली. पण तिच्या कडा नुसत्या कापलेल्या, धार आहे त्यांना. पातळ कापड सरकवलं की धागा ओढला जातो. गेल्या महिन्यात एका बाईंच्या कापडाला वीतभर ओरखडा पडला आणि मला ते भरून द्यावं लागलं. पॉलिश पेपरने घासून पाहिलं. कोपरे गेले, कड तशीच. दोन सुतार बोलावले. एक 'येतो' म्हणून जो गेला तो गेलाच. दुसरा आला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, एवढ्याशा कामाला मशीन उचलून आणणं परवडत नाही."

तुमच्या दादांना सांगायची सोय नाही. मागची कामाची खोली सहा वर्षं बंद आहे. मोठं मशीन त्यांनी तेव्हाच देऊन टाकलं. ते आता लाकडाच्या वखारीत असतात, माल मोजून देतात. लाकूड बघून अजून सांगतात, कुठलं वाकणार आणि कुठलं टिकणार. पण हत्याराला हात लावत नाहीत.

तर मला सांगा. दुसऱ्या दुकानात तीन मशीनं आहेत. एक दोन मुठींचं, जड, मला दोन्ही हातांनी जेमतेम उचलवलं. एक छोटं, एका हातात मावणारं, वायरवालं. तिसरं तसंच छोटं पण बॅटरीवर चालणारं. दुकानदार म्हणतो बॅटरीचं घ्या, आता सगळे तेच घेतात. सगळे घेतात म्हणून मी आजवर एक कात्रीसुद्धा घेतलेली नाही. तुम्ही सांगाल ते घेईन.

उत्तर नाही आलं तरी मी रागावणार नाही. मला तो हक्क नाही.

वहिनी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्ड मिळालं. अकरा ओळी आहेत, अकराही मशीनबद्दल. मी दोनदा मोजल्या. तरी बरं वाटलं.

तुमचं कार्ड हातात धरूनच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." म्हटलं, मला समजावा, साहेबांना मी समजावीन. तेव्हा कुठे त्याने काचेच्या कपाटातून मशीनं बाहेर काढली.

तुम्ही लिहिलंत, वजन दोन किलोच्या आत असावं. जड मशीन सरळ फळीवर चांगलं, पण कडेवर अर्धं मशीन हवेत असतं, ते कलंडतं. खरंच आहे. बॅटरीचं उचलून पाहिलं तर डोकं जड. वरच्या बाजूला सगळं वजन, खाली पाऊल एवढंसं. शिवणयंत्राची चाकं पायापेक्षा जड झाल्यासारखं. ते बाजूला ठेवलं. शिवाय माझं टेबल भिंतीच्या बटणाजवळच आहे, मला वायरची अडचण नाही.

वेग कमीजास्त करायचं चाक आहे. चालू करताना मशीन हिसका देत नाही, हळूहळू वेग घेतं. दुकानदाराने तिथेच चालवून दाखवलं. बिट, म्हणजे कापणारं पातं, किती खोल जावं ते स्क्रू फिरवून ठरवता येतं, नुसतं ढकलून नाही. बिट धरणारी कॉलेट दोन मापांची सोबत आहे. ते बसवायचं तर आतला दांडा जागच्या जागी धरायला एक बटण असतं, पण तुम्ही दोन पाने मागून घ्यायला सांगितलंत, एका पान्याने दांडा धरायचा आणि दुसऱ्याने आवळायचं. दुकानदाराला ते नवल वाटलं. "बटण पुरतं हो," म्हणाला. मी म्हटलं, ज्यांनी सांगितलंय त्यांना घट्ट म्हणजे काय ते कळतं.

भाऊजी, हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. खोडलेलं नाही.

एक तुम्ही लिहिलं नव्हतंत ते मी बघितलं. एका मशीनचा तळ काळा होता, दुसऱ्याचा पारदर्शक. सुई कुठे पडते ते दिसलं नाही तर शिवण कशी घालायची? पारदर्शक तळवालं घेतलं. गोलाईचं एक बिट घेतलं, खाली छोटी चकती असलेलं, म्हणजे ती कडेला टेकून फिरते आणि बिट जास्त आत जात नाही. एक सरळ खाचेचं घेतलं. चष्मा, कानावरची झाकणं आणि नाकाला मास्क. घरी आणून शिवणाच्या कपाटात कापडांच्या खाली ठेवलंय. तुमच्या दादांना अजून सांगितलेलं नाही. ते त्या कपाटात हात घालत नाहीत, त्यांच्या मते तिथे नुसत्या टाचण्या असतात.

आता कसं चालवायचं ते लिहा. सविस्तर. मला काही येत नाही असं धरून.

वहिनी


१० मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र, चार पानी, आकृत्यांसकट मिळालं. या वेळी शेवटी 'काळजी घ्या' आहे. ती मशीनची की माझी ते कळलं नाही, पण दोघींची घेतली.

वखारीची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मी अकराला मागच्या पडवीत सराव करते. टाकाऊ फळ्यांवर.

पहिल्या दिवशी लाकूड जाळलं. काळा पट्टा पडला, वास घरभर. मी भीतीने मशीन मुंगीसारखं सरकवत होते. तुम्ही लिहिलं होतं, थांबलात की बिट घासत राहतं आणि जळतं. शिवणयंत्रावर नवीन मुली अशाच कापड धरून ठेवतात आणि धागा गोळा होतो. मग मीच मला ओरडले, जशी त्यांना ओरडते, आणि हात चालता झाला.

दुसऱ्या दिवशी खाच पाडली. सुरुवातीला नीट होती, शेवटाकडे दुप्पट खोल. मी बुचकळ्यात. मशीन बंद करून, वायर काढून बघितलं तर बिट खाली सरकलेलं. तुम्ही लिहिलं होतंत की कॉलेटच्या आत तळापर्यंत टेकवून दोन मिलीमीटर बाहेर घ्यायचं आणि मगच आवळायचं. मी टेकवलं तसंच आवळलं होतं, ते खरं धरलंच गेलं नव्हतं. म्हणजे बिट सैल असलं की एकदम सुटून उडत नाही, सरकत जातं, आणि खाच आधीच सांगते. हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुमचा दिशेचा नियम करून बघितला. फळी आपल्यासमोर आडवी, समोरची कड आपल्याकडे, तर मशीन डावीकडून उजवीकडे. उलट कधीच नाही. तुम्ही 'कधीच' खाली दोन रेघा मारल्यात. मी शिंपीण आहे, उलटी शिवण कशी दिसते ते बघितल्याशिवाय मला सुलटी कळत नाही. फळी दोन क्लॅम्पनी पक्की केली, बिट अगदी नखाएवढं बाहेर ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि बोटभर उलट नेलं. ते माझ्या हातातून पळायला निघालं. कडेवर दातांनी चावल्यासारखे खड्डे पडले. छोटं होतं म्हणून आवरलं. बंद केल्यावर मी पायरीवर बसून राहिले.

परत करणार नाही. रागावू नका.

आता माझ्या टेबलाच्या कडा करायच्या तर मोठे क्लॅम्प लागतील. ते मागच्या खोलीत आहेत. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक आहे.

वहिनी


२४ मार्च

भाऊजी,

हे पत्र लांबेल. दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

खोली उघडली. सगळ्यावर धुळीचा थर, पण जागच्या जागी. रंधे, पटाश्या, तुमची पेन्सिल खोचायची डबी. क्लॅम्प काढताना मागे भिंतीला तोंड करून ठेवलेली फळी दिसली. ते टेबल. ज्याचं काम अपघाताच्या दिवशी चाललं होतं.

मला वाटलं होतं ती फेकली असेल. मी ती फिरवली. सहा वर्षांत मी ती पहिल्यांदा बघितली, आणि याआधी बघितली असती तरी मला काही कळलं नसतं. आता कळलं.

तीन कडा गोल केलेल्या, सुरेख. चौथी अर्धवट. वरची बाजू वर ठेवून ती कड माझ्याकडे केली. गोलाई उजव्या टोकापासून सुरू झालेली आहे. दीड फूट. पुढे ते चावल्यासारखे खड्डे, चार-पाच, आणि मग कोरी कड, डाव्या टोकापर्यंत. म्हणजे मशीन उजवीकडून डावीकडे चाललं होतं.

आणि त्या दीड फुटात गोलाई पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी आहे. मी कापड मोजायची पट्टी लावून बघितली. बिट सैल असतं तर ते सरकत गेलं असतं. ते सरकलेलं नव्हतं. भाऊजी, तुम्ही त्या सकाळी बिट घट्टच आवळलं होतं.

संध्याकाळी तुमचे दादा आले तेव्हा ती फळी मी कापड बेतायच्या टेबलावर ठेवली होती, शेजारी माझं छोटं मशीन. ते दारातच थांबले. आधी मशीनकडे बघितलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तुला कुणी शिकवलं?"

"धाकट्यांनी. पत्रांतून."

मग त्यांनी फळीकडे बघितलं. चप्पल काढली, हात धुऊन आले, खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, "ही कड कुठून सुरू केली होती तुम्ही?"

त्यांनी खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "उजवीकडून."

"का?"

"वायर उजवीकडून येत होती, डावीकडून निघालो तर ती बिटाच्या वाटेत येणार. फळी फिरवायची तर क्लॅम्प सोडायचा, परत लावायचा. तू दोनदा सांगून गेली होतीस, गिऱ्हाईक चारला येणार. म्हटलं एवढीच कड आहे, धरतो हाताने दाबून."

"दोन क्लॅम्प लावले नव्हते?"

"एकच होता. दुसऱ्या बाजूला डावा हात."

मी विचारलं, कधी कळलं तुम्हाला, की बिटाचा दोष नव्हता? ते म्हणाले, "मशीन पळालं तेव्हाच."

मी ओरडेन असं मला वाटलं होतं. ओरडले नाही. त्यांनीच पुढे सांगितलं, माझ्याकडे न बघता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, आणि तोंडातून निघून गेलं की बिट सैल राहिलं असणार, सकाळी धाकट्याने बदललं होतं. "वीस वर्षं पोरांना शिकवलं, उलट नेऊ नका. आणि मीच नेलं असं कोणत्या तोंडाने सांगू. पहिल्यांदा बोललो ते वेदनेत. वाटलं उद्या सांगू खरं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि मी काही बोलायच्या आत पायाशी उभा राहून म्हणाला, दादा, माझ्याकडूनच राहिलं असेल. त्याने कबूलच करून टाकलं. मग मी कुठून मागे फिरू?"

त्यांचं एवढंच आहे. आता माझं.

त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तुम्हाला मी म्हणाले, "दोन बोटं गेली त्यांची, तुमच्या हलगर्जीपणापायी. आता समोर येऊ नका." तुमच्या हातात फळांची पिशवी होती. ती तुम्ही बाकड्यावर ठेवलीत आणि गेलात. मी ते वाक्य सहा वर्षं असं सांगत आले, की रागाच्या भरात काहीतरी बोलले. काहीतरी नव्हे, हेच बोलले. आणि मी काही तपासलं नव्हतं, बघितलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. गिऱ्हाईक चारला येणार म्हणून दोनदा घाई मीच केली होती. ती माझ्या मनात होती, म्हणून दोष कुणाच्यातरी गळ्यात पडला हे मला सोयीचं होतं.

पहिल्या पत्रात मी टेबलाच्या कडेचं कारण लिहिलं ते खरं आहे. पण पत्ता मी त्याआधी वर्षभर जपून ठेवला होता आणि लिहायला निमित्त मिळत नव्हतं, हेही खरं आहे.

दादांनी हे पत्र वाचलंय. एक शब्द बदलायला सांगितला नाही.

वहिनी


२० एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र काल आलं. साडेतीन आठवडे मी टपालवाल्याची पाठ बघत होते.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही सहा वर्षं घरातला नळसुद्धा तीनदा आवळून बघता. बाहेर पडल्यावर कुलूप ओढायला अर्ध्या रस्त्यातून परत येता. हातात कसब असून खिडक्यांच्या काचा बसवायचं काम धरलंत, कारण त्यात फिरणारं काही नसतं. हे सगळं मी वाचलं आणि दादांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून परत वाचायला लागले. चष्मा काढलाय हे त्यांना कळलंही नाही.

तुम्ही लिहिलंत, "त्यांनी चारचौघांत मला दोषी केलं आणि तुम्ही मला एकट्याला कागदावर सोडवताय. हे मला पुरत नाही." आणि खाली, "वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बरोबर आहे. दोन्ही बरोबर आहेत. मी त्यावर वकिली करणार नाही.

आज सकाळी दादा वखारीत गेले ते थेट मालकांच्या टेबलाशी. मालकांनीच त्यांना तेव्हा नोकरी दिली होती, 'भावाने घात केला' म्हणून कीव करून. दादांनी उभ्यानेच सांगितलं. मालक म्हणाले, "आता कशाला उकरून काढता, झालं गेलं." दादा म्हणाले, "तुमच्यासाठी झालं गेलं. त्याचं अजून चालू आहे."

दुपारी सुट्टी घेऊन आत्याबाईंकडे गेले. आत्याबाईंनी तुमचं नाव टाकलं होतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांनी टाकलं म्हणजे साऱ्या भावकीने टाकलं. मी सोबत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सहा वर्षं मी त्या गरीब पोराला शिव्या घातल्या त्या तुझ्या होत्या तर. थांब, आता हिशेबाने देते." आणि खरंच दिल्या. दादा मान खाली घालून बसले होते. निघताना आत्याबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "आणि तू गं? तुला जीभ आवरता आली नाही?" मी म्हटलं, नाही आली.

ज्या गिऱ्हाइकाचं ते टेबल होतं त्यांचा पत्ता बदललाय. शोधतो आहोत. ते बाकी राहिलेत. बाकी सगळ्यांना सांगून झालं. वेळ लागला नाही. संध्याकाळी पाचच्या आत संपलं. एवढ्याशा कामाला सहा वर्षं लावली.

वहिनी


६ मे

भाऊजी,

तुमचं उत्तर आलेलं नाही. यावं असा आग्रह नाही. त्या गिऱ्हाइकाचा पत्ता मिळाला, त्यांनाही सांगून झालं. ते म्हणाले, टेबल त्यांनी नंतर दुसरीकडून करून घेतलं, त्याच्या कडा काही धड नाहीत.

माझ्या टेबलाचं काम परवा पूर्ण झालं. फळी पायांवरून उतरवून मागच्या खोलीत नेली आणि चारी कडा मी केल्या. दोन-दोन मिलीमीटर करत, तीन फेऱ्यांत, तुम्ही लिहिलं तसं. दादा खोलीच्या दारात उभे होते. दुसऱ्या कडेला आत आले. तिसऱ्या कडेला वायर माझ्या पायात येत होती ती त्यांनी उचलून खांद्यावरून धरली. शेवटची कड राहिली तेव्हा मी क्लॅम्प सोडून फळी फिरवायला लागले, तर त्यांनी न बोलता दुसऱ्या टोकाला हात लावला. मशीनला त्यांनी हात लावला नाही आणि मी लावा म्हटलं नाही. कापड आता पाण्यासारखं सरकतं.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. दादा उद्या सकाळच्या गाडीने निघताहेत, तेच घेऊन येतील. मी म्हटलं आधी कळवा. ते म्हणाले, "कळवलं तर तो नको म्हणेल, आणि नको म्हणायचं ओझंही त्याच्यावरच टाकायचं का? दारात जाऊन उभा राहतो. हाकलायचं तर मला तोंडावर हाकलू दे." या एका बाबतीत मला त्यांचं पटलं.

मी सोबत येत नाही. दोघांच्या मध्ये मी एकदा बोलले आहे, तेवढं पुरे. माझी पाळी मी वेगळी येऊन घेईन, तुम्ही या म्हणालात तर.

त्यांना मी तीन गोष्टी बजावल्या आहेत. आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. 'वेदनेत बोललो' हे सांगायचं नाही, ते डॉक्टरांना सांगायचं. आणि डावा हात खिशात ठेवायचा. तो हात बघितला की समोरचा माणूस आपोआप मऊ पडतो. मी सहा वर्षं तेच करत आले. तुमच्या बाबतीत ते नको. तेव्हा दार उघडाल तेव्हा त्यांचा एक हात खिशात असेल. त्यांना थंडी वाजत नाहीये. तुम्हाला जेवढं रागवायचं असेल तेवढं मोकळेपणाने रागवा.

परतीची गाडी साडेचारला आहे. त्यांनी परतीचं तिकीट काढलेलं नाही, ते तुमच्यावर अवलंबून आहे म्हणाले.

वहिनी